राख गार होईस्तोवर

सुगरती धुर्वेला राग आला की ती डोक्यावरची चुंबळ काढायची, गुडघ्यावर आपटायची, नव्यानं वळायची आणि परत डोक्यावर ठेवायची. डोक्यावर घमेलं असो, घागर असो, नाहीतर काहीच नसो, चुंबळ असायचीच. बाई बोलायच्या आधी तिची चुंबळ बोलायची. आणि ज्या पौषात खुमानदादा गेले, त्याच्या पुढच्या माघ-फाल्गुनात ती चुंबळ एवढी आपटली गेली की तिच्या चिंध्या व्हायच्या तेवढ्या राहिल्या.

बरखेड्यातल्या कारखान्याच्या क्वार्टरांची शेवटची ओळ संपली की मागं जमीन उतरायला लागते, ती थेट नाल्यापर्यंत. उतारावर छातीएवढं गवत, मधे मोहाची जुनी झाडं, आणि तळाशी नाल्याच्या अलीकडे गोंडांची वस्ती. हा सगळा उतार एके काळी खुमानदादांचा. कारखाना आला तेव्हा गावाबरोबर तोही गेला. त्याच्या बदल्यात दादांच्या मुलाला, सुरेशला, कारखान्यात खलाशाची, म्हणजे मदतनिसाची, नोकरी मिळाली आणि शेवटच्या ओळीत क्वार्टर मिळालं. उतार मात्र तसाच राहिला. खाली खडक निघाला म्हणून त्यावर कोणी काही बांधलं नाही. जमीन घेतली, आणि घेऊन विसरून गेले, असं झालं.

दादा विसरले नाहीत. दरवर्षी माघ सरता सरता, गवत अर्धं हिरवं अर्धं वाळलं असताना, सकाळच्या दंवात ते उताराच्या माथ्यावर जायचे आणि गवताला आग लावायचे. ऐकणाऱ्याला वाटेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असेल. फिरलं नव्हतं. त्या दिवसांत सकाळचा वारा नाल्याकडून वर येतो. माथ्यावर लावलेली आग त्या वाऱ्याच्या तोंडावर खाली उतरते, म्हणून गोगलगाईसारखी उतरते. दोन हात उंच ज्वाळा नाही की पळापळ नाही. एकदा तेवढं गवत जळून गेलं की वैशाखात कोणाची विडी पडो, नाहीतर विजेच्या तारेची ठिणगी पडो, जळायला काही उरतच नाही. तसंच ठेवलं तर उन्हाळ्यात तो उतार म्हणजे घासलेटाचा डबा. आग वर गेली तर क्वार्टरांची कुंपणं जळणार आणि कारखान्याची कचेरी वस्ती उठवणार. खाली आली तर वस्ती आगच उठवणार. सुगरतीच्या झोपडीला दोन्हीकडून मरण.

सुगरती मूळची बैतूलकडची. नवीन लग्न झालेलं, नवरा बिसराम पुढं आणि ती मागं, अशी खडी वाहायला इथं आली. शेवटच्या ओळीतल्या क्वार्टरांचा सगळा चुना, सगळी वाळू तिच्या आणि तिच्यासारख्या बायांच्या डोक्यावरून गेली. घरं उभी राहिली तसे बाकीचे मजूर दुसऱ्या कामावर निघाले. सुगरती म्हणाली, "दुसऱ्यांच्या एवढ्या भिंती उचलल्या, आता एक माझी उचलते," आणि नाल्याकाठी तिनं कुडाची झोपडी घातली. तिचं बघून बाकीच्यांनी घातल्या. पुढं तिला टाउनशिपच्या बागेत काम मिळालं. गुलाबाला पाणी घालायचं, पाचोळा गोळा करायचा आणि साहेबांच्या बायकांनी तोडलेल्या फुलांबद्दल माळ्याची बोलणी खायची.

वस्तीची ती प्रमुख कशी झाली म्हणाल, तर कोणी केली नाही, झाली. पहिल्याच उन्हाळ्यात उतार पेटला होता. बाकी सगळे फांद्या घेऊन धोपटत सुटले, आणि धोपटल्यानं ठिणग्या आणखी उडाल्या. सुगरती एकटी पळसाची हिरवी फांदी आगीवर दाबून धरत होती, पुढं सरकत होती, आणि दाबता दाबता बाकीच्यांना शिव्या घालत होती. खुमानदादांनी वरून पाहिलं. खाली आले आणि म्हणाले, "बाई, वरचं मी बघतो, खालचं तू बघ." बस. तेव्हापासून दादा माथ्यावर आणि सुगरती तळाशी. तिच्या माहेरी तिचे वडील हेच करायचे. कधी पेटवायचं, कोणी कुठं उभं राहायचं, कोणाच्या झाडाखालचा पाचोळा आधी, हे सगळं ते ठरवायचे आणि गाव ऐकायचं. सुगरतीचंही वस्ती ऐकायची. कुरकुरत ऐकायची, पण ऐकायची.

वडिलांनी तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पेटवणाऱ्यानं राख गार होईस्तोवर उठायचं नाही. आणि पेटवायचं जमिनीच्या माणसानंच, तेही त्याच्या घरच्या निखाऱ्यानं. का, तर दुसऱ्याच्या जमिनीवर काडी ओढणारा माणूस आधी मागं वळून बघतो, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून. त्याचा अर्धा जीव पाठीमागं असतो. ज्याचं लक्ष पाठीमागं, त्याच्या हातात आग द्यायची नाही.

आता झाली का पंचाईत. दादा गेले. जमिनीचा माणूस उरला एक, सुरेश. आणि सुरेश सापडेना.

पहिल्यांदा गेली तर म्हणे रात्रपाळी करून झोपलाय. दुसऱ्यांदा गेली तर खोकला. तिसऱ्यांदा घरात असून नाही म्हणून सांगितलं, आणि मोरीतून त्याच्या खाकरण्याचा आवाज आला. सुगरतीनं चुंबळ आपटली आणि ठरवलं, आता ह्याला घरी गाठायचं नाही.

दुपारी भोंगा झाला आणि कारखान्याच्या गेटातून सायकलींचा लोंढा सुटला. सुगरती त्या लोंढ्याच्या बरोब्बर मधे जाऊन उभी राहिली. घंट्या वाजल्या, लोक "अरे अम्मा, हटो" म्हणत दोन्ही बाजूंनी निघून गेले. सुरेश तिला बघून दुसऱ्या अंगानं निसटायला गेला, तर तिनं त्याच्या सायकलीचं कॅरियरच धरलं.

"मावशी, गेटवर नको ना. लोग देखते हैं."

"बघू दे. बाप गेला तुझा, उतार नाही गेला. कधी येतो?"

"मी आता कारखान्याचा माणूस आहे, मावशी."

"आणि उतार कोणाचा आहे?"

"कारखान्याचा."

"मग भांडण कुठं आहे? जमिनीचा पण तू, कारखान्याचा पण तू. अजून कोणाला बोलावू?"

सुरेशनं सायकल स्टँडवर लावली. घाम पुसला. मग जरा हळू आवाजात म्हणाला, "मावशी, मला आग लावताना कोणी पाहिलं तर नोकरी जाईल. बाबूजींची जमीन गेली, तिच्या बदल्यात ही एवढीच चीज हाती लागली. ती पण फुंकून टाकू?"

बहाणे करणाऱ्या माणसाला चार शब्द सुनावता येतात. खरं बोलणाऱ्याचं काय करायचं? सुगरतीनं कॅरियर सोडलं, आणि परत येताना वाटेतल्या एका कुत्र्याला विनाकारण हाकललं.

मग ती मधुकररावांकडे गेली. मधुकरराव टाउनशिपच्या कचेरीत ओव्हरसीयर. अमरावतीचे, सरळ माणूस, पण नियमांनी पिचलेला. बागेच्या कोपऱ्यात फुटलेल्या नळाशेजारी उभे राहून ते प्लंबरची वाट बघत होते, म्हणजे तेही वैतागलेलेच होते.

"साहेब, उताराचं काय करायचं?"

"सुगरतीबाई, तुम्ही मला विचारू नका."

"का?"

"विचारलंत की मला नाही म्हणावं लागतं. मोकळ्या जागेत जाळायला बंदी आहे. खुमाननं कधी विचारलं का मला?"

"दादा जमिनीचे होते. ते कशाला विचारतील?"

"मग तुम्हीही नका विचारू."

"मी जमिनीची नाही ना, साहेब. म्हणून तर तुमच्याकडे आले. कचेरीची जमीन आहे तर तुम्हीच या. सकाळी येऊन लावा, आणि राख गार होईस्तोवर बसा. चहा मी आणते."

मधुकररावांना हसू आलं आणि हसता हसता ठसका लागला. "अहो, माझं रिटायरमेंट तोंडावर आलंय."

"म्हणून तर म्हणते. बसायची सवय होईल."

मधुकररावांनी नळाकडे तोंड केलं. बोलणं संपलं.

उताराच्या माथ्यावर, शेवटच्या ओळीत, शशिकलाबाईंचं क्वार्टर होतं. बाई नागपूरच्या. फाल्गुन लागला की त्यांचं अंगण म्हणजे कुरडयांचं शेत. त्यांनी सुगरतीला कुंपणावरून हाक मारली.

"अगं सुगरती, मागल्या वर्षी माझ्या कुरडयांवर काजळी बसली बघ. यंदा आधी सांग हो. मी आत घेईन."

"बाई, कधी होणार ते मलाच ठाऊक नाही."

"असं कसं? मग मी रोज किती आत-बाहेर करू?"

"तुम्ही कुरडया करा, बाई. तुमची काळजी सगळ्यात सोपी आहे," सुगरती म्हणाली.

शशिकलाबाईंना ते लागलं असावं. पण बाई मनाच्या मोठ्या. त्यांनी तिला वाटीभर गरम चीक दिला, वर तेल घालून. सुगरतीनं तो उभ्यानं खाल्ला आणि वाटी परत देताना मीठ कमी आहे असं सांगितलं.

इकडे दिवस चालले होते. पळस फुलला. मोहाची पानं गळून खाली जाड थर बसला, फांद्यांच्या टोकाला कळ्यांचे घोस दिसायला लागले. मोह पडायच्या आधी झाडाखालचा पाचोळा झाडून त्याच्या ढिगाऱ्या जाळायच्या, म्हणजे फुलं स्वच्छ जमिनीवर पडतात, अशी रीत. पण सुगरतीचा हुकूम होता, आधी उतार जळेल, मगच झाडाखाली काडी लागेल. भोवती कोरडं गवत उभं असताना मधे ढिगारी जाळणं म्हणजे कापसाच्या गोदामात विडी ओढणं.

वस्ती कुरकुरायला लागली. "मावशी, नाल्यापलीकडचे गवळी येऊन वेचून नेतील. आपण बसू बघत." "मावशी, सुरेश काही यायचा नाही, तुम्हीच लावून टाका." एकीनं तर तोंडावरच म्हटलं, "तुमचा नेम तुमच्यापाशी ठेवा, पोटाचं काय?" सुगरतीनं सगळ्यांना एकच सांगितलं, "माझ्या बापानं चुकीच्या माणसाला आग दिलेली मी पाहिली आहे. तेव्हा मी इतकीशी होते. जळालेल्या गायीचा वास अजून नाकात आहे. बसा गप." ते गप बसले.

सगळे बसले. बिसराम सोडून.

बिसराम भला माणूस. कधी भांडण नाही, तंटा नाही. वर्षाकाठी त्याच्या डोक्यात एखादाच विचार यायचा, पण जो यायचा तो करून मोकळा व्हायचा. त्याच्या मनात आलं, बायको फार दमली, जरा तिचं काम हलकं करावं. भर दुपारी, सुगरती बागेत असताना, त्यानं आपल्या मोहाखालचा पाचोळा झाडला, छान ढिगारी केली, पेटवली. मग त्याच आगीवर विडी पेटवली आणि सावलीत जरा आडवा झाला.

सुगरतीनं गुलाबाच्या वाफ्यातून मान वर केली तर उताराच्या बाजूला धूर. पांढरा नाही, पिवळट, गवताचा. तिनं पाण्याची नळी तिथंच टाकली आणि धावली. वस्तीतली माणसं पळसाच्या फांद्या ओरबाडत वर चढत होती. दुपारचा वारा आणि चढण, दोन्ही आगीच्या बाजूचे. आग जिना चढल्यासारखी चढत होती, सरळ क्वार्टरांवर.

"धोपटू नका. दाबा," सुगरती ओरडली. "बाजूनं या, तोंडासमोर नको."

वरून, कुंपणाच्या आतून, क्वार्टरांतल्या बायका बादल्या घेऊन आल्या. शशिकलाबाईंनी पिंपातलं पाणी संपवलं, आणि पाणी संपल्यावर हाताला लागलं ते ओतलं, म्हणजे कुरडयांच्या चिकाचं भरलेलं पातेलं. चिकानं आग विझते हे त्या दिवशी बरखेड्याला कळलं. सुरेशच्या कुंपणाशी त्याची बायको सुमित्रा ओलं गोणपाट घेऊन उभी होती. ती तारेतून बाहेर आली आणि वरच्या बाजूनं आग दाबत खाली सरकायला लागली. कुंपण हातभर राहिलं तेव्हा आग थांबली. उतारावर झाडांपासून कुंपणापर्यंत एक काळा पट्टा पडला.

मधुकरराव सायकलवरून धापा टाकत आले. पट्टा पाहिला, बिसरामला पाहिलं, त्याच्या कानामागची विडी पाहिली.

"विडीनं लागली असं सांगेन मी वरती," ते सुगरतीला म्हणाले. "खोटंही नाही ते. पण बाई, परत एकदा झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. वस्ती उठवा म्हणतील, आणि मला उभं राहून उठवावी लागेल."

"म्हणजे पेटवायचं नाही आणि पेटू पण द्यायचं नाही."

"तसंच काहीसं."

सुगरतीनं चुंबळ काढली. पण आपटायचं त्राण राहिलं नव्हतं. तशीच परत ठेवली.

संध्याकाळी तिनं भाकरी थापल्या. बिसराम चुलीसमोर मान खाली घालून बसला होता.

"मला वाटलं, तुझा त्रास वाचेल," तो म्हणाला.

त्याची भाकरी तव्यावर जरा जास्तच राहिली, खालून कोळसा झाली. ती सुगरतीनं त्याच्या पुढ्यात ठेवली. "खा. तुलाच जाळायची हौस."

बिसरामनं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुगरती बागेत निघाली ती माथ्यावरून, क्वार्टरांच्या मागच्या बाजूनं. त्या वेळेला बरखेड्याच्या प्रत्येक घरामागं एक शेगडी धुरत असायची. दगडी कोळसा पेटेपर्यंत घरात ठेवता येत नाही, डोळे जातात. म्हणून बायका शेगडी बाहेर ठेवायच्या, खाली गोवरी लावायच्या, पंख्यानं वारा घालायच्या, आणि निखारा लाल झाला की कडीला धरून आत न्यायच्या. सगळ्या ओळीवर धुराची चादर. सुमित्राही आपल्या अंगणात वारा घालत बसली होती. तिची शेगडी जुन्या बादलीची केलेली होती, कडीसकट. तिचा हात कालच्या आगीनं पोळला होता, त्यावर तिनं बटाट्याचा कीस बांधला होता.

सुमित्रा पांढुर्ण्याकडची. बोलणं कमी. सुरेशला वस्तीत जाणं-येणं आवडायचं नाही, म्हणून सुगरतीशी तिचं कधी धड बोलणं झालं नव्हतं.

"मावशी," ती पंखा न थांबवता म्हणाली, "उताराचं कधी करायचं?"

"तुझ्या नवऱ्याला विचार. मी गेटापर्यंत जाऊन आले, आता काय त्याच्या मशीनवर जाऊन बसू?"

"ह्यांना कशाला विचारायचं? ह्यांनी कधी केलंय?"

"मग कोणी करायचं? निखारा जमिनीच्या घरचा पाहिजे. दादा घरच्या चुलीतला आणायचे."

सुमित्रानं पंखा खाली ठेवला. "चूल कुठली, मावशी? क्वार्टरात चूल आहे का? मी लग्न होऊन आल्यापासून मामंजी माझ्या शेगडीतलेच निखारे न्यायचे. मागली काही वर्षं तर त्यांना ओझं उचलवत नव्हतं. शेगडी मीच न्यायची. ते नुसते जोडीला असायचे, काठी टेकत. कुठं ओतायचं ते सांगायचे. आणि मग मी बसायची, ते घरी जाऊन झोपायचे."

सुगरती तिच्याकडे बघतच राहिली. दरवर्षी ती तळाशी उभी असायची. माथ्यावर तिला दादांचं मुंडासं दिसायचं आणि शेजारी एक लुगडं. ते लुगडं तिनं दरवर्षी पाहिलं होतं. तिला वाटायचं, सून सासऱ्याला पाणी घेऊन आली असेल.

"आणि हे तू मला आता सांगते?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही रोज यायच्या आणि ह्यांनाच विचारायच्या."

चुंबळ निघाली. गुडघ्यावर आपटली गेली. पण ह्या वेळेला कोणावर आपटायची ते सुगरतीला कळेना. महिनाभर ती एका माणसाच्या मागं सायकल धरून धावली, आणि जिला विचारायचं ती दारातच शेगडीला वारा घालत बसली होती. स्वतः बाई असून, स्वतः वस्ती चालवत असून, तिनंही मुंडासंच शोधलं.

"तुझा नवरा?"

"फर्स्ट शिफ्टला आहेत. आता भोंगा झाला की जातील. त्यांनी पाहिलंच नाही तर त्यांना कोण काय म्हणणार?"

"आणि तुला कोणी पाहिलं तर?"

"काय पाहतील? बाई शेगडी घेऊन चालली. सगळी कॉलनीच ह्या वेळेला शेगडी घेऊन चालते."

दंव पातळ झालं होतं, पण होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर तेही नसतं. सुगरतीनं बागेतली नळी त्या दिवशी माळ्याच्या भरवशावर सोडली, खाली गेली, एकेकाला झोपेतून उठवलं. नाल्याच्या अलीकडची पट्टी झाडून साफ केली, माथ्यावर कुंपणाच्या कडेनं गवत कापून घेतलं. बिसरामनं जाळलेला काळा पट्टा मधेच आयता अडसर म्हणून कामी आला. पण हे बिसरामला कोणी सांगायचं नाही, असं ठरलं.

उन्हं कोवळी असताना सगळे आपापल्या जागी उभे राहिले. वरून शशिकलाबाई कुरडयांची चादर चारी टोकांनी धरून आत नेताना दिसल्या. मग सुमित्रा निघाली. पदर खोचलेला, हातात बादलीची शेगडी, लाल निखाऱ्यांनी भरलेली. माथ्याच्या कडेनं ती चालत गेली, चिमट्यानं थोडे निखारे इथं, थोडे तिथं ठेवत. रस्त्यावर पहिल्या शिफ्टवाल्यांच्या उशिरा निघालेल्या सायकली होत्या, दूधवाला होता, दोन साहेब फिरायला निघाले होते. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. सुगरती तळावरून तेवढंच बघत होती.

गवत चरचरलं. आगीची एक ओळ धरली गेली आणि वाऱ्याच्या तोंडावर, नाखुशीनं, खाली सरकायला लागली. मधुकरराव कचेरीत जाताना माथ्यावर सायकलवरून उतरले. उताराकडे त्यांनी पाठ केली, चष्मा पुसला आणि समोर कोणी नसताना मोठ्यानं म्हणाले, "आज शेगड्यांचा धूर फार आहे." आणि निघून गेले.

आग मोहाच्या झाडांपाशी आली. तिथला पाचोळा दोन्हीकडे झाडून घेतला होता, ती वळसा घालून पुढं गेली. नाल्याकडच्या पट्टीशी आली आणि मेली. सुगरतीच्या झोपडीच्या कुडाला नुसती ऊब लागली.

ती काळ्या उतारावरून वर चढली. सुमित्रा माथ्यावर एका दगडावर बसली होती, रिकामी शेगडी शेजारी.

"ऊठ आता," सुगरती म्हणाली. "झालं. मला बागेत जायचंय, माळी बोंबलत असेल."

"बसा, मावशी. राख गार नाही."

सुगरतीनं वाकून राखेवर तळहात ठेवला. "गार आहे."

"वरून आहे. आत हात घाला."

सुगरतीनं काटकीनं राख उकरली. खाली एका जुन्या बुंध्याच्या मुळाशी लाल डोळा उघडा होता. तिनं काटकी फेकली. आयुष्यभर तिनं लोकांना हे सांगितलं, दरडावून सांगितलं, आणि आता तिलाच कोणी सांगत होतं, तेही अंगाला गोवरीचा वास येणारी, कालपर्यंत तोंड न उघडणारी पोर.

"पाणी ओतून ये, मग जाऊ."

"ओतलं. मुळात आहे ते. विझायला वेळ लागेल. तुम्हाला घाई असेल तर जा. पण गेलात तर तळावरच्या सगळ्यांना पण सांगून जा, की मावशी उठली म्हणून."

सुगरती उभीच राहिली. ऊन चढलं. माळ्याचा आवाज दुरून आल्यासारखा वाटला, मग वाटेनासा झाला. दुपारचा भोंगा झाला, आणि थोड्या वेळानं सुरेश सायकल ढकलत क्वार्टरामागून आला. काळा उतार पाहिला, बायकोच्या तोंडावरची काजळी पाहिली. एकदा रस्त्याकडे पाहिलं, कोणी बघतंय का म्हणून.

"जेवायला काय आहे?" त्यानं विचारलं.

"काही नाही," सुमित्रा म्हणाली. "शेगडी इथं आहे."

सुरेशनं सायकल आडवी टाकली आणि डबा उघडला. त्यात अर्धी पोळी उरली होती, ती त्यानं बायकोच्या हातात दिली आणि तिच्याजवळ, पण बुंध्यापासून जपून, बसला. रस्त्याकडे पाठ करून.

खालून बिसराम भाकरी घेऊन चढत होता. त्याच्या चालण्यावरूनच कळत होतं की आपण काही चांगलं काम केलंय असं त्याला वाटतंय.

सुगरतीनं डोक्यावरची चुंबळ काढली. आपटली नाही. खाली दगडावर ठेवली आणि तिच्यावर बसली.

"एकदा बसवलं की उठू देत नाही ही बाई," ती कोणालाच न उद्देशून म्हणाली, आणि बुंध्याकडे बघत राहिली.